चित्रं तिला वाचू द्या, अक्षरं तुम्ही वाचा

प्रश्न थोडक्यात असा: घरात अडीच वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा. हौसेने पाच-सहा पुस्तकं आणली, पण मुलगी गोष्ट संपेपर्यंत थांबत नाही, पानं उलटत सुटते. मुलगा महिनाभर एकच पुस्तक मागतोय. आजी वाचायला बसते तेव्हा 'हे काय, ते काय' सुरू होतं आणि दोघंही उठून जातात. घरी वाचण्याजोगी मराठी चित्रपुस्तकं कोणती घ्यावीत आणि ती वाचायची कशी?

नावं पुढे येतीलच. आधी एक गोष्ट पक्की करून घेऊ, कारण तिन्ही तक्रारींचं मूळ तिथेच आहे. चित्रपुस्तकाला एका वेळी दोन वाचक असतात. अक्षरं मोठं माणूस वाचतं आणि त्याच वेळी चित्र मूल वाचत असतं. मोठ्यांची नजर ओळींना चिकटलेली असते, त्यामुळे चित्रात काय चाललंय हे बहुतेक वेळा मुलाला आपल्या आधी कळतं. त्याचं मध्येच भलतं काहीतरी विचारणं, मागचं पान पुन्हा उघडणं, एकाच कोपऱ्यावर बोट ठेवून बसणं, हे सगळं त्या दुसऱ्या वाचकाचं वाचन आहे. आपण त्याला व्यत्यय समजतो.

याचा सगळ्यात सोपा नमुना म्हणजे पॅट हचिन्स यांचं 'रोझीज वॉक' हे 1968 सालचं इंग्रजी पुस्तक. अख्ख्या पुस्तकात शब्द 32 आणि वाक्य एकच. कोंबडी फिरायला निघते, अंगण ओलांडते, तळ्याला वळसा घालते, गवताच्या गंजीवरून, गिरणीजवळून, कुंपणामधून, मधमाश्यांच्या पेट्यांखालून जाते आणि जेवायच्या वेळेला घरी पोचते. बस्स. मजकुरात कोल्ह्याचं नावसुद्धा नाही. चित्रात मात्र तो पहिल्यापासून तिच्या मागावर आहे आणि दर वेळी स्वतःच तोंडघशी पडतोय. मोठं माणूस शांतपणे 'कोंबडी तळ्याला वळसा घालून गेली' असं वाचत असतं आणि मूल ओरडत असतं, 'अगं, मागे बघ, मागे!' मोठ्यांना न दिसलेली गोष्ट आपल्याला दिसली, याची जी ऐट त्या ओरडण्यात असते, तिच्यासाठीच मूल पुस्तक पुन्हा मागतं. (हे पुस्तक मराठीतून सांगायला फार सोयीचं. वरून, खालून, मधून, जवळून, सगळं एका फेरफटक्यात कानावरून जातं.)

म्हणून दुकानात किंवा प्रदर्शनात पुस्तक निवडताना पहिली परीक्षा ही: मजकुरावर हात ठेवा आणि नुसती चित्रं बघत चार पानं पुढे जा. काहीतरी घडताना दिसतंय का? मग हात काढून मजकूर वाचा. मजकूर आणि चित्र तेच ते सांगत असतील, म्हणजे 'लाल फुगा आकाशात उडाला' आणि वर आकाशात एक लाल फुगा, बाकी पान कोरं, तर त्या पुस्तकात दुसऱ्या वाचनाला काही उरत नाही. चांगल्या चित्रात मुख्य घटनेखेरीज निदान एक-दोन गोष्टी चाललेल्या असतात. कोपऱ्यात मांजर दुधाकडे बघतंय, मागच्या खिडकीतून कुणीतरी डोकावतंय.

दुसरी परीक्षा जिभेची. पहिली दोन पानं मोठ्याने वाचा, दुकानदार बघत असला तरी वाचा. जीभ तीनदा अडखळली तर पुस्तक परत ठेवा. अनुवादित पुस्तकांत ही अडचण जास्त येते. 'त्याने आपले डोळे बंद केले' असं आपण घरात म्हणत नाही, डोळे मिटतो. 'ती खूप उत्साहित झाली' हे अडीच वर्षांच्या कानाला काहीच सांगत नाही. 'तिला राहवेना' म्हटलं की लगेच कळतं. आणि मराठीत नादाच्या शब्दांची एवढी चैन असताना पाण्यात पडणारा बेडूक 'स्प्लॅश' का म्हणतो, हे कोडंच आहे. डुबुक, टुणुक, लुटुलुटु, खुदुखुदु, धबाधबा असे शब्द असलेलं पुस्तक आजीच्या तोंडी लगेच बसतं. असे शब्द पुस्तकात नसतील तर वाचताना घाला. कुणी तक्रार करणार नाही.

तिसरी बघायची गोष्ट शेवटचं पान. तिथे 'तात्पर्य' छापलेलं असेल तर पुस्तक घ्यायला हरकत नाही, पण ते पान वाचू नका. वीस पानं ऐकून मुलाच्या डोक्यात जे फिरत असतं, ते एका वाक्याने बंद होतं.

'पहिली 500 चित्रं' छापाची जाड पुस्तकं आणि मुळाक्षरांची रंगीत पुस्तकं यांना चित्रपुस्तक समजू नका. पांढऱ्या पानावर एकेकटं सफरचंद, विमान, याक. त्यांत कुणी काही करत नाही, त्यामुळे 'हे काय?' याखेरीज विचारण्यासारखं काही सापडत नाही. आजींची सवय बहुधा तिथूनच लागलेली असणार. शिवाय 'ण बाणाचा' असतोच. ण ने सुरू होणारा शब्द नाही म्हणून बाण, आणि मूल आयुष्यभर बाणाकडे बघून ण म्हणतं. एखादं असं पुस्तक घरात असू द्या, पण त्याला गोष्टीची जागा देऊ नका.

आता नावं.

मराठीत सुरुवात माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांपासून करावी, यावर फारसं दुमत होणार नाही. 2014 साली त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. त्या स्वतः लिहितात आणि चित्रंही स्वतः काढतात, म्हणून शब्द काय सांगतील आणि चित्र काय सांगेल याची वाटणी एकाच हातातून झालेली असते. तुमच्या मुलीसाठी ज्योत्स्ना प्रकाशनाचा 'राधाचं घर' हा छोट्या पुस्तकांचा संच घ्या. घरातल्या माणसांची ओळख, मजकूर थोडा, आणि भाषा आपण स्वयंपाकघरात बोलतो तीच. मुलासाठी 'यश'च्या गोष्टी: 'हात मोडला', 'मोठी शाळा', 'मामाच्या गावाला'. पाच वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात खरोखर घडतात त्याच घटना, आणि मोठी माणसं उपदेश करत मागे लागत नाहीत. बालवाडीतून पहिलीत जायचं वर्ष असेल तर 'मोठी शाळा' शाळा सुरू होण्याच्या आधीच्या मे महिन्यात आणा, जूनमध्ये नको. भीती बसल्यावर पुस्तक म्हणजे औषध वाटतं आणि मुलं औषध ओळखतात.

त्यांचंच 'चित्रवाचन' दोघांनाही चालेल, आणि आजींसाठी तर मुद्दाम घ्या. नावातच काम सांगितलंय: चित्रं बघायची आणि बोलायचं आपण. ज्यांना चष्म्याशिवाय बारीक अक्षर दिसत नाही, किंवा ज्यांचं शिक्षण अर्धवट सुटलंय, त्या आजी-आजोबांना अशी पुस्तकं फार मोकळं करतात. 'आमच्या वेळी बाजारात अशी पाटी डोक्यावर घेऊन यायच्या' असं एकदा सुरू झालं की छापील मजकुराची आठवणही होत नाही.

प्रथम बुक्सची पुस्तकं स्वस्त, पातळ आणि मराठीत भरपूर. मागच्या बाजूला वाचनाची पातळी दिलेली असते, 1 ते 4. ही पातळी मुलाने स्वतः वाचायची आहे, हे लक्षात घ्या. वाचून दाखवताना एक पातळी वरचं पुस्तक आरामात चालतं, म्हणजे मुलीला पहिली-दुसरी, मुलाला दुसरी-तिसरी. रोहिणी निलेकणी यांच्या शृंगेरी श्रीनिवासच्या गोष्टी पाच वर्षांच्या मुलाला हमखास आवडतात. लांबच लांब केसांचा शेतकरी, वर्षातून एकदाच केस कापायचे, आणि नेमकं त्याच दिवशी न्हाव्यापासून सगळ्यांना दुसरं काम. एकच नकार वेगवेगळ्या तोंडून ऐकायचा, या रचनेत मूल तिसऱ्या माणसापासून तुमच्या आधी बोलायला लागतं.

चेन्नईच्या तूलिका प्रकाशनाची पुस्तकं मराठीतही येतात, शिवाय काही पुस्तकांत एकाच पानावर इंग्रजी आणि मराठी असं दोन्ही असतं. परदेशातल्या मराठी घरांत किंवा जिथे आई-बाबांपैकी एकाची भाषा मराठी नाही अशा घरांत ही द्विभाषिक पुस्तकं उपयोगी. फक्त एक पथ्य पाळा: एका बैठकीत एकच भाषा. वाक्य मराठीत वाचून लगेच इंग्रजीत सांगितलं की मूल दुसऱ्या, सोप्या वाटणाऱ्या वाक्याची वाट बघायला शिकतं आणि पहिलं ऐकेनासं होतं. आई मराठीतून वाचेल, बाबा इंग्रजीतून, वेगवेगळ्या दिवशी. हे जमतं.

चेन्नईच्याच तारा बुक्सचं 'डू!' नावाचं पुस्तक आहे, वारली चित्रशैलीतलं. मजकूर म्हणजे प्रत्येक चित्राला एखादं इंग्रजी क्रियापद आणि भोवती ती क्रिया करणारी खूप माणसं. इंग्रजी शब्द खुशाल सोडून द्या. चित्रातली माणसं जे करताहेत त्याला आपल्या घरात काय म्हणतात ते सांगा: पाखडताहेत, शेंदताहेत, निंदताहेत. शहरातल्या मुलाच्या कानावर हे शब्द एरवी येणार कुठून?

एरिक कार्ल यांचं 1969 सालचं भुकेल्या सुरवंटाचं पुस्तक सगळ्यांना माहीत असतं. पानांना खरोखरची भोकं, सोमवारी एक सफरचंद, मंगळवारी दोन नासपती, असं शुक्रवारच्या पाच संत्र्यांपर्यंत. अडीच वर्षांच्या मुलीचं बोट त्या भोकांत जायलाच हवं. इंग्रजीत सुरवंट 'ककून' करतो म्हणून जाणकार नाक मुरडतात, कारण ककून पतंगांचा असतो आणि फुलपाखरांचा 'क्रिसॅलिस'. मराठीत दोन्हीला कोशच म्हणतात, त्यामुळे आपली सुटका.

नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालाही बघा. कागद आणि छपाई कधी साधारण असते, पण चित्रकार चांगले असतात आणि किंमत खिशाला लागत नाही. मासिकांत 'चिकूपिकू' या वयाचं आहे. 'किशोर' 1971 पासून निघतंय, पण ते पुढच्या वयाचं. मुलगा आठ-नऊ वर्षांचा झाला की.

एका वेळी किती घ्यावीत? दोघांत मिळून आठ-दहा पुस्तकं पुरतात. त्यातली अर्धी महिन्या-दोन महिन्यांनी ग्रंथालयातली किंवा शेजाऱ्यांशी अदलाबदल केलेली असावीत. पुस्तकं कपाटात उभी लावली तर मुलांना फक्त कडा दिसतात, आणि पातळ पुस्तकाला तर कडाही नसते. मुखपृष्ठ समोर दिसेल अशी ठेवा. उथळ टोपली चालते. नाहीतर भिंतीवर मुलांच्या छातीच्या उंचीला दोरी घट्ट ताणून बांधा आणि पुस्तकं मधोमध उघडून घोड्यावर बसवल्यासारखी तिच्यावर टाका. दर पंधरा दिवसांनी तीन-चार बदला. आत ठेवलेली पुन्हा बाहेर आली की नव्यासारखी वाटतात.

वाचायचं कसं, हे एका ओळखीच्या गोष्टीवर दाखवणं बरं. म्हातारी आणि भोपळा घ्या, कुठल्याही प्रकाशनाचं चालेल. समजा पान असं आहे: रान, मधोमध घरंगळणारा भोपळा, डावीकडे वाघ, झाडावर दोन माकडं.

पहिल्या दिवशी गोष्ट सरळ वाचा, न थांबता, न विचारता. फक्त वेग कमी ठेवा. बहुतेक मोठी माणसं मजकूर संपला की लगेच पान उलटतात. मजकूर दोन ओळींचा, तो पाच सेकंदांत संपतो. चित्र बघायला मुलाला त्याच्या तिप्पट वेळ लागतो. वाचून झाल्यावर गप्प बसा आणि मुलाच्या डोळ्यांकडे बघा. डोळे पानावर फिरत आहेत तोवर पान उलटायचं नाही. हे एवढंच केलं तरी अर्ध्या तक्रारी मिटतात.

दुसऱ्या-तिसऱ्या वाचनापासून बोलणं सुरू करा. एका पानावर जास्तीत जास्त एक प्रश्न, तोही दर पानावर नाही. 'हा कोण?' हा प्रश्न मुलीला आणखी दोन-तीन महिने चालेल, मुलाला तो अपमान वाटतो. त्याला 'वाघ असा का बसलाय?' विचारा. विचारल्यावर मनात पाच आकडे मोजा. पाच आकडे फार लांब वाटतात, दुसऱ्या आकड्यालाच आपण उत्तर देऊन मोकळे होतो, आणि मूल शिकतं की गप्प बसलं की काम भागतं.

मूल जे म्हणेल त्याला दोन शब्द जोडून परत द्या. ती म्हणाली, 'माकड.' आपण म्हणायचं, 'हो, दोन माकडं. एक घाबरलंय बघ, फांदीला चिकटलंय.' ती म्हणाली, 'चितकलंय.' झालं. 'चितकलंय नाही, चिकटलंय म्हण' असं सांगायचं नाही. पुढच्या वेळी आपल्याच वाक्यात तो शब्द नीट येऊ द्या. अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 साली नेमकी ही पद्धत तपासली होती: कमी वाचायचं, मुलाला बोलू द्यायचं, त्याचं वाक्य वाढवून परत द्यायचं. महिनाभर आई-वडिलांनी असं वाचल्यावर त्या मुलांचं बोलणं नुसतं वाचून दाखवलेल्या मुलांपेक्षा पुढे गेलं. आपल्याकडच्या आज्या पाळण्यातल्या बाळाशीही असंच बोलतात; पुस्तक हातात आलं की मात्र त्यांच्यात मास्तरीण शिरते.

चौथ्या-पाचव्या वाचनाला शब्द सोडायला लागा. 'चल रे भोपळ्या...' म्हणून थांबा. 'टुणुक टुणुक' समोरून आलंच पाहिजे. मग हळूहळू जास्त सोडा: 'लेकीकडे जाईन...' एवढंच आपण म्हणायचं, तूप-रोटीपासून पुढचं सगळं मुलाचं. एक दिवस मुलगा पुस्तक उघडून पहिल्या पानापासून घडाघडा 'वाचायला' लागेल. त्याला अक्षर येत नसेल, पाठ झालं असेल. 'अरे, पाठ म्हणतोयस' असं कुणीही म्हणू नये. कुठल्या चित्राला कुठलं वाक्य, पान कधी उलटायचं, डावीकडून उजवीकडे जायचं, हे सगळं तो करतोय. अक्षर त्याच वाटेने येतं.

त्यामुळे 'महिनाभर एकच पुस्तक' ही तक्रार खरं तर चांगली बातमी आहे. वाचा. कंटाळा तुम्हाला येतोय, त्याला नाही. फारच झालं तर रोज त्याच्या आवडीचं एक आणि आपल्या पसंतीचं एक, असा सौदा करा, आधी त्याचं. आणि शब्द बदलू नका. त्याला प्रत्येक शब्द ठाऊक आहे, चोरी पकडली जाईल.

मुलीचं पानं उलटणं मात्र दोन प्रकारचं असतं, ते ओळखा. ती भराभर उलटून एका ठरावीक पानाशी थांबत असेल, तर तिला तेच पान हवंय. तिथेच वाचा, तिथेच बोला, बाकीचं पुस्तक सोडा. कुठेच थांबत नसेल, तर मजकूर तिच्यासाठी लांब आहे. मग छापलेलं वाचू नका. प्रत्येक पानाला एक वाक्य, आपल्या शब्दांत. 'म्हातारी निघाली.' 'वाघ आला!' 'भोपळा पळाला.' आठ पानं, आठ वाक्यं, दोन मिनिटं. महिन्याभराने वाक्यं दोन करा. पान उलटायचं काम अधिकृतपणे तिच्याकडे द्या. कागद पातळ असेल आणि फाटत असेल तर आपण पानाचा वरचा उजवा कोपरा किंचित उचलून धरायचा, उलटवायचं तिने.

दोघांना एकत्र घेऊन बसताना पुस्तक मोठ्याचं आणि पानं धाकटीची, हा बंदोबस्त बहुतेक दिवस चालतो. चालला नाही तर वेगळं बसा, प्रत्येकी सात-आठ मिनिटं. एकत्र बसलात तर एकीला मांडीत, एकाला शेजारी. समोर बसवून पुस्तक उलटं धरून दाखवणं हे वर्गात ठीक. घरी मूल आपल्याच बाजूने पान बघत असावं. वेळ झोपेच्या आधीचीच हवी असं नाही. रात्री दहाला पेंगुळलेल्या मुलीला गोष्ट ऐकवली की ती रडते आणि पुस्तकावर राग निघतो. संध्याकाळी खेळून आल्यावर, पोटात काहीतरी गेल्यावर, दिवे लागायच्या सुमारास बघा. आणि अजून हवंय असं असतानाच थांबा.

वाघ, राक्षस, अंधार आला की मोठी माणसं पान गाळतात. गाळू नका. कुशीत बसून घाबरण्यात मुलांना मजा येते. मूल खरोखर अंग चोरत असेल, पुस्तक ढकलत असेल, तर बंद करा आणि सहा महिन्यांनी काढा. तेवढ्यासाठी गोष्टीतला वाघ शाकाहारी करायची गरज नाही.

भाषेचा एक प्रश्न नेहमी येतो: घरात मालवणी, वऱ्हाडी किंवा अहिराणी, आणि पुस्तक प्रमाण मराठीत. तीन वर्षांपर्यंत सरळ घरच्या बोलीत सांगा, चित्रं तीच आहेत. साधारण चारपासून जसं छापलंय तसं वाचा आणि गप्पा बोलीत मारा. म्हणजे पुस्तकाची भाषा कानाला सवयीची होते, आणि ती घरच्या भाषेला बाजूला न सारता होते. मुलाला लवकरच दोन्हीतला फरक कळतो आणि तो वाचनाची नक्कल करताना मुद्दाम 'पुस्तकी' बोलतो. ऐकण्यासारखं असतं ते.

प्रत्येक वेळी पुस्तकाचं नाव, लेखकाचं आणि चित्रकाराचं नाव मोठ्याने वाचा. चित्रकाराचं विशेष. पाच वर्षांची मुलं दोन महिन्यांत 'हे त्याच बाईंनी काढलंय' असं चित्रावरून ओळखायला लागतात.

पैशांची अडचण असेल तर प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर' हे संकेतस्थळ 2015 पासून चालू आहे. त्यावर मराठीत शेकडो चित्रपुस्तकं मोफत आहेत, आणि परवाना मुक्त असल्यामुळे छापून घेण्यात काही गैर नाही. खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावरही मराठी अनुवादांचा मोठा साठा आहे. फोनवर मात्र वाचू नका. चित्र लहान दिसतं, बोट लागलं की पान सरकतं, आणि वरून कुणाचा तरी मेसेज टपकतो. छापा. ए-फोर कागदावर दोन्ही बाजूंनी, प्रिंटरच्या पर्यायांत 'बुकलेट' निवडून, 'शॉर्ट एज'वर, म्हणजे कागदाच्या आखूड कडेवर उलटणारं. 'लाँग एज' राहिलं तर एकाआड एक पान उलटं छापलं जातं. झेरॉक्सच्या दुकानात हीच चूक सगळ्यात जास्त होते, म्हणून आधी एकच कागद काढून घडी घालून बघा. पानांची संख्या चारच्या पटीत लागते. गोष्ट 14 पानांची असेल तर दोन कोरी उरतात. ती शेवटी ठेवा, मुलगा त्यावर पुढची गोष्ट काढेल. साधा 70 जीएसएमचा कागद आरपार दिसतो (जीएसएम म्हणजे कागदाच्या वजनाचं माप, आकडा मोठा तसा कागद जाड), 100 किंवा त्याच्या वरचा मागा.

पातळ पुस्तकांच्या मधल्या पिना हा पावसाळ्यातला ठरलेला घोटाळा. कोकणात आणि मुंबईत दोन पावसाळ्यांत गंजतात, कागदावर तपकिरी डाग पडतो, मग मधलं पान सुटतं. पीन वर येऊन मुलाच्या बोटालाही लागते. नवीन पुस्तक आलं की पहिल्याच आठवड्यात पिना काढून दोऱ्याने शिवून टाका, दहा मिनिटांचं काम आहे. पुस्तक मधोमध उघडा, पिनांची टोकं आतून चमच्याच्या दांड्याने सरळ करा, बाहेरून ओढून काढा. कागद हलू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना कपड्याचे चिमटे लावा. पिनांची भोकं तिथेच आहेत, त्यांतलं सगळ्यात वरचं आणि सगळ्यात खालचं वापरा, आणि त्या दोघांच्या बरोबर मध्ये घडीवर दाभणाने तिसरं पाडा. गोधडीचा जाड सुती दोरा पुस्तकाच्या उंचीच्या अडीचपट घ्या. मधल्या भोकातून आतून बाहेर काढा, वरच्या भोकातून आत घ्या, आतल्या बाजूने मधलं भोक ओलांडून सरळ खालच्या भोकातून बाहेर काढा, आणि परत मधल्या भोकातून आत आणा. आता दोन्ही टोकं आत आहेत आणि त्यांच्यामधून एक लांब टाका जातोय. एक टोक त्याच्या डावीकडे, एक उजवीकडे घेऊन गाठ मारा. लांब टाका गाठीत सापडला पाहिजे, नाहीतर महिन्याभरात सैल होतो. टोकं बोटभर ठेवून कापा.

फाटलेल्या पानाला साधी चिकटपट्टी लावू नका, वर्षभरात पिवळी पडून सुटते आणि जाताना चित्राचा रंग घेऊन जाते. पांढऱ्या फेविकॉलमध्ये थोडं पाणी घाला, फाटलेल्या कडेला काडीने लावा, वर बटर पेपर ठेवून जाड पुस्तकाखाली रात्रभर दाबा. पुठ्ठ्याची पुस्तकं धाकटी चावणारच. ओल्या फडक्याने पुसून, पंख्यासारखी उघडून सावलीत उभी करा. उन्हात ठेवली तर पुठ्ठा वाकतो. आणि कसर लागू नये म्हणून पुस्तकांत डांबरगोळ्या ठेवत असाल तर त्या आजच काढा. अडीच वर्षांचं मूल त्या गोळ्या खाऊ समजून तोंडात घालतं, आणि त्या विषारी असतात. वाळलेला कडुनिंबाचा पाला कापडाच्या पुरचुंडीत बांधून ठेवा. रोज हाताळलेल्या पुस्तकाला कसर तशीही फारशी लागत नाही.